संगीतनिर्मितीसाठी घरचा संगणक : सुटे भाग निवडताना

घरच्या घरी संगीतनिर्मिती करण्यासाठी नवा संगणक जुळवायचा आहे, त्यासाठी कोणते सुटे भाग घ्यावेत, असा आपला प्रश्न आहे. कामाचे स्वरूपही आपण स्पष्ट लिहिले आहे : एका वेळी जास्तीत जास्त आठ माइकचे ध्वनिमुद्रण, बाकीची वाद्ये सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या मुद्रित स्वरांचा संग्रह) आणि सॉफ्टवेअर सिंथेसायझरमधून, आणि गायनाचे मुद्रण त्याच खोलीत, संगणकाच्या शेजारी बसून. सोबतच्या यादीत सोळा कोअरचा (स्वतंत्र गणनाकेंद्रांचा) प्रोसेसर, भारी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एक टीबीची एसएसडी आणि काचेच्या दाराचे, सात पंख्यांचे कॅबिनेट आहे. ऑडिओ इंटरफेस (माइक, हेडफोन आणि स्पीकर संगणकाला जोडणारा डबा) मात्र ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवला आहे. खेळांसाठीचा संगणक म्हणून ही यादी चांगली आहे. संगीतासाठी तिच्यातील खर्चाची वाटणी बदलावी लागेल. ती का बदलायची हे एकदा उमगले, की पुढच्या काही वर्षांत भाग बदलताना किंवा वाढवताना आपले निर्णय आपल्यालाच घेता येतील. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

छायाचित्रांवर काम करताना किंवा चलचित्राचे संकलन करताना संगणक रेंगाळला, तर काम उशिरा होते, पण बिघडत नाही. ध्वनीचे तसे नसते. सेकंदाला ध्वनीचे ४८,००० नमुने (क्षणोक्षणीची मोजमापे) या दराने काम चालू आहे आणि बफर, म्हणजे एका खेपेत हाताळायचा नमुन्यांचा गठ्ठा, १२८ नमुन्यांचा ठेवला आहे, असे धरू. १२८ भागिले ४८,००० म्हणजे सुमारे २.६७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात प्रत्येक ट्रॅकवरचे वाद्य, त्यावरचे सगळे इफेक्ट, त्यांची बेरीज आणि शेवटचा मास्टर ट्रॅक हे सर्व गणित पुरे करून तयार नमुने इंटरफेसच्या हवाली करावे लागतात, आणि लगेच पुढची खेप सुरू होते. हे सेकंदाला ३७५ वेळा घडते. त्यांतली एक खेप जरी हुकली, तरी ‘टक्’ असा आवाज येतो किंवा ध्वनी क्षणभर तुटतो. उरलेल्या ३७४ खेपा अर्ध्या वेळात पुऱ्या झाल्या होत्या, याचा काही उपयोग होत नाही. सरासरी वेग उत्तम असलेला संगणक म्हणूनच संगीताला अपुरा पडू शकतो, आणि कागदावर साधारण दिसणारा संगणक दिवसभर विनातक्रार काम करू शकतो. प्रत्येक सुटा भाग निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा : याच्यामुळे ही खेप वेळेवर पोहोचण्याची खात्री वाढते की कमी होते? आपण त्याच खोलीत गाणार असल्यामुळे दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे : हा भाग किती आवाज करतो?

बफर मोठा ठेवला की हा ताण कमी होतो हे खरे आहे. १,०२४ नमुन्यांचा बफर २१ मिलिसेकंदांहून थोडा अधिक अवधी देतो, आणि मिक्सिंग करताना तो तसा ठेवण्यात काहीच गैर नाही. प्रश्न येतो तो वाजवताना आणि गाताना. आत येणारा ध्वनी एका बफरची वाट पाहतो, बाहेर जाणारा दुसऱ्या बफरची, आणि शिवाय रूपांतरक (ध्वनीचे आकडे आणि आकड्यांचा ध्वनी करणारा भाग) व ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) आपापला थोडा वेळ घेतात. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. त्यामुळे पाच मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे पावणेदोन मीटरवर ठेवलेला स्पीकर ऐकण्यासारखे आहे, आणि कीबोर्ड वाजवणाऱ्याला तो जाणवतही नाही. गायकाचे मात्र वेगळे असते. स्वतःचा आवाज हाडांमधून त्याला तत्काळ ऐकू येत असतो आणि हेडफोनमधून तोच आवाज उशिरा येतो. दोन्ही मिसळून आवाज पोकळ, अनोळखी वाटू लागतो. संवेदनशील गायकाला चार-पाच मिलिसेकंदांतही हा फरक कळतो. बफर लहान ठेवूनही स्थिर चालणारा संगणक हवा असतो तो यासाठी.

आता प्रोसेसर. मुद्रणाची सर्व प्रचलित सॉफ्टवेअर अनेक कोअर वापरतात, परंतु काम वाटण्याला एक नैसर्गिक मर्यादा आहे. एका ट्रॅकवर सिंथेसायझर, त्यानंतर इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब अशी साखळी असेल, तर कॉम्प्रेसरला इक्वलायझरचे उत्तर हाती आल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. एक साखळी साधारणपणे एकाच कोअरवर चालते. निरनिराळे ट्रॅक निरनिराळ्या कोअरवर जाऊ शकतात. पुढे ते सगळे एका ग्रुप ट्रॅकवर आणि तिथून मास्टरवर एकत्र येतात, तेव्हा पुन्हा एकाने दुसऱ्याची वाट पाहण्याची वेळ येते. पुष्कळांना पडणाऱ्या कोड्याचा उलगडा इथे आहे : विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर २५ टक्के दाखवतो आणि तरीही ध्वनी तुटत असतो. आठ कोअरपैकी एक पूर्ण भरलेला असतो आणि बाकीचे जवळजवळ रिकामे, म्हणून सरासरी कमी दिसते. बहुधा तो कोअर ज्या ट्रॅकवर आपण त्या क्षणी वाजवत असतो त्याचा असतो, किंवा चार-पाच जड प्लगइन (मुद्रण-सॉफ्टवेअरला जोडायची वाद्ये किंवा इफेक्ट) लादलेल्या मास्टरचा.

यावरून निवड अशी ठरते की एका कोअरचा वेग आधी पाहावा, कोअरची संख्या नंतर. आपल्या कामाला नव्या पिढीचे आठ वेगवान कोअर पुरेसे आहेत. पूर्ण वाद्यवृंदाचे शेकडो ट्रॅकचे प्रोजेक्ट कायम उघडे ठेवायचे असतील तर बारा घ्यावेत. सोळाचा विचार बाकी सगळे मनासारखे घेऊन झाल्यावर करावा. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० या मालिकांतील बारा व सोळा कोअरचे प्रोसेसर सिलिकॉनच्या दोन वेगळ्या चकत्यांत विभागलेले असतात, आणि एका चकतीवरून दुसरीवर माहिती जायला थोडा अधिक वेळ लागतो. आठ कोअरच्या मॉडेलमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्यादा कॅशे (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती) असलेली एक्स३डी मॉडेल मुख्यतः खेळांसाठी केलेली आहेत. केवळ संगीतासाठी त्यांची वाढीव किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

इंटेलने २०२१ मध्ये आलेल्या बाराव्या पिढीपासून मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर एकत्र दिले. विंडोज ११ आणि चालू आवृत्तीचे मुद्रण-सॉफ्टवेअर वापरल्यास ही रचना चांगली चालते. जुन्या आवृत्तीवर अडून बसल्यास महत्त्वाचे काम छोट्या कोअरवर जाऊन पडण्याचा धोका राहतो, म्हणून आपल्या सॉफ्टवेअरच्या उत्पादकाने याबद्दल काय लिहिले आहे ते खरेदीपूर्वी वाचावे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉपच्या अधिक शक्तीच्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये तो मान्य करून बायोसमधून (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमधून) द्यायची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ती दुरुस्ती पुढची हानी टाळते, झालेली हानी भरून काढत नाही. त्यामुळे या पिढ्यांतला वापरलेला प्रोसेसर स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही, आणि नवा घेतला तर पहिल्याच दिवशी बायोस अद्ययावत करीन.

प्रोसेसरला कमाल शक्तीवर चालवण्याचा हट्टही सोडावा. शेवटच्या पाच-सात टक्के वेगासाठी तो कितीतरी जास्त वीज खातो, ती वीज उष्णता होते, आणि उष्णता पंख्याचा आवाज होऊन माइकमध्ये येते. रायझनच्या बायोसमध्ये ‘इको मोड’ असतो, इंटेलच्या बोर्डांवर शक्तीची मर्यादा घालता येते. ती मर्यादा घालावी. ओव्हरक्लॉकिंगला या कामात जागा नाही. आणि एक गोष्ट पैसे न खर्चता साधते : ९६ किलोहर्ट्झऐवजी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर काम करावे. दर दुप्पट केला की प्रत्येक प्लगइनचे गणित जवळपास दुप्पट होते, त्याच बफरचा अवधी निम्मा होतो, आणि घरच्या खोलीत केलेल्या मुद्रणात त्याचे मोल तितकेसे ऐकू येत नाही.

रॅमच्या बाबतीत आपली यादी अपुरी आहे. सॅम्पल लायब्ररीतील वाद्य उघडले की प्रत्येक स्वराचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये येऊन बसतो, जेणेकरून कळ दाबताच ध्वनी सुरू व्हावा. स्वराचा उरलेला भाग तो वाजत असताना डिस्कवरून येतो. एका पियानोत प्रत्येक स्वर निरनिराळ्या जोरांत मुद्रित केलेला असतो, तंतुवाद्यांत त्यावर वादनाचे निरनिराळे प्रकार असतात, आणि अशी वीस-पंचवीस वाद्ये उघडली की १६ जीबी केव्हाच संपते. रॅम संपली की विंडोज डिस्कचा आधार घेते आणि खेप वेळेवर पोहोचण्याची शाश्वती जाते. ३२ जीबी घ्यावी. वाद्यवृंदाच्या मोठ्या लायब्ररी घ्यायचा बेत पक्का असेल तर ६४. दोन्ही बाबतींत दोनच पट्ट्या घ्याव्यात. डीडीआर५ या सध्याच्या प्रकारच्या रॅममध्ये चार पट्ट्या लावल्या की बहुतेक बोर्डांवर वेग उतरवावा लागतो आणि कधी कधी स्थैर्यही जाते, त्यामुळे ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा हिशेब पूर्वीसारखा बिनधोक राहिलेला नाही. पट्टीच्या वेगाचे मोठे आकडे पाहून जास्त पैसे घालू नयेत. बोर्डाच्या उत्पादकाने तपासलेल्या पट्ट्यांची यादी प्रसिद्ध केलेली असते, तिच्यातली मधल्या वेगाची जोडी घ्यावी आणि संगणक जुळवल्यावर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवावी. सदोष रॅम नेमकी कुठे चुकते आहे हे एरवी शोधणे फार कष्टाचे असते. प्रोजेक्ट अधूनमधून बंद पडतो आणि दोष कुठल्या तरी प्लगइनला दिला जातो.

साठवणुकीविषयी जाहिराती जे सुचवतात त्यापेक्षा साधे गणित अधिक उपयोगी पडते. २४ बिट म्हणजे तीन बाइट. सेकंदाला ४८,००० नमुने म्हणजे एका मोनो ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट. आठ माइकचे मिळून सेकंदाला १.१५ एमबी होतात. साधी साटा (केबलने जोडायची) एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते. मुद्रणासाठी वेगाची चिंता कुठेच उरत नाही, आणि आठ ट्रॅकचे तासभराचे मुद्रण सव्वाचार जीबीच्या आत मावते. एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) घ्यावी ती मुख्यतः मोठी वाद्ये पटकन उघडावीत आणि केबलचा गुंता नसावा यासाठी. पीसीआयई या जोडणीच्या ३ किंवा ४ पिढीची पुरे आहे. पाचव्या पिढीच्या ड्राइव्ह अधिक तापतात, काहींवर छोटा पंखाही बसवलेला असतो, आणि या कामात त्यांचा वेग वापरलाच जात नाही. क्षमता मात्र कमी पडते, कारण एकेक मोठी लायब्ररी शेकडो जीबीची असू शकते. म्हणून एक टीबीची ड्राइव्ह विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्टसाठी, आणि दोन टीबीची वेगळी ड्राइव्ह लायब्ररीसाठी, अशी मांडणी मी सुचवतो. लायब्ररीवर एकदा लिहून पुढे फक्त वाचायचे असते, त्यामुळे तिथे स्वस्त क्यूएलसी प्रकारची (लिहिण्यास संथ, कमी टिकाऊ) ड्राइव्ह चालते; प्रोजेक्टसाठी ती टाळावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क कॅबिनेटच्या आत बसवू नये, ती बाहेरून जोडायची आणि बॅकअप झाल्यावर काढून ठेवायची. हा बॅकअप मी ऐच्छिक समजत नाही. प्लगइन पुन्हा उतरवता येतात. एखाद्या गायकाने त्या दिवशी गायलेली तान पुन्हा तशीच मिळत नाही.

मदरबोर्डवर चमकणारे दिवे आणि ‘उच्च दर्जाचा ऑडिओ’ असे लिहिलेले असते. त्या ऑडिओचा आपल्याला उपयोग नाही, कारण ध्वनी इंटरफेसमधून जाणार आहे. पाहायचे ते हे : मागच्या बाजूला पुरेसे यूएसबी पोर्ट आहेत का (इंटरफेस, मिडी कीबोर्ड (संगणकातली वाद्ये वाजवायचा), परवान्याचा आयलॉक डोंगल, माउस, कीबोर्ड, बाहेरची डिस्क हे मोजूनच सहा झाले), एनव्हीएमईच्या किमान दोन जागा आहेत का, त्यांतली एक वापरली की काही साटा पोर्ट बंद पडतात का, आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर उष्णता वाहून नेणारी पट्टी आहे का. चिपसेटवर (बोर्डावरील नियंत्रक चिपवर) छोटा पंखा असलेला बोर्ड घेऊ नये. लहान पंख्याचा किरकिरा आवाज माइक सहज पकडतो. शक्य असल्यास वाय-फाय नसलेला बोर्ड घेऊन इंटरनेट केबलने जोडावे. त्याचे कारण शेवटी चाचणीच्या भागात येईल.

ग्राफिक्स कार्ड यादीतून काढून टाकावे. मुद्रणाचे सॉफ्टवेअर पडद्यावर लहरी आणि बटणे रेखाटते; प्रोसेसरमधील ग्राफिक्स दोन पडद्यांसाठी ते आरामात करते. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावाअखेरीस ‘एफ’ असतो त्यांत ग्राफिक्स नसते. रायझनच्या या मालिकांतील ‘एफ’ मॉडेलांचेही तसेच आहे, तेवढे पाहून घ्यावे. कार्ड नसले की वीज, उष्णता, दोन-तीन पंखे आणि एक गुंतागुंतीचा ड्रायव्हर एकदमच कमी होतात. त्याच संगणकावर चलचित्राचे जड संकलन करायचे असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कमी भार असताना पंखे पूर्ण थांबवणारे मध्यम कार्ड घ्यावे.

वाचलेला पैसा कुठे जावा? आधी ऑडिओ इंटरफेसमध्ये. ‘नंतर बघू’ म्हणण्यासारखा हा भाग नाही. वर सांगितलेली २.६७ मिलिसेकंदांची खेप स्वीकारणारा आणि देणारा तोच आहे, आणि ती किती लहान करता येईल हे त्याच्या ड्रायव्हरवर ठरते. विंडोजवर यासाठी एएसआयओ ही पद्धत वापरतात, जी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणली. इंटरफेसच्या उत्पादकाने स्वतः लिहिलेला आणि वर्षानुवर्षे सांभाळलेला एएसआयओ ड्रायव्हर असावा. एएसआयओ४ऑल हा सर्वांसाठीचा ड्रायव्हर विंडोजच्या सामान्य ड्रायव्हरवर घातलेला मुलामा आहे. तो तात्पुरत्या कामापुरता ठीक. आरएमईसारख्या कंपनीचा लौकिक मुख्यतः तिच्या ड्रायव्हरच्या स्थैर्यावर उभा आहे, आणि त्यांच्या उपकरणांची किंमत बरीच त्यासाठीच असते. इतर कंपन्यांचेही चांगले ड्रायव्हर आहेत. खरेदीपूर्वी उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्यांच्या आठ-दहा वर्षे जुन्या उपकरणांना आजही नवे ड्रायव्हर मिळतात का ते पाहावे. दुसऱ्या कोणत्याही चाचणीपेक्षा यावरून जास्त कळते.

आठ माइक एकदम लागत असतील, तर आठ प्रीअँपचा (माइकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या भागांचा) इंटरफेस घेता येतो, किंवा दोन-चार प्रीअँपचा पण अॅडाट (अनेक चॅनेलचा ध्वनी एका प्रकाश-केबलने नेणारे) इनपुट असलेला घेऊन गरज पडेल तेव्हा आठ प्रीअँपचा वेगळा डबा प्रकाश-केबलने जोडता येतो. अॅडाटमधून ४८ किलोहर्ट्झला आठ आणि ९६ ला चार चॅनेल जातात. दुसरा मार्ग मला अधिक पटतो, कारण आठ माइक एकदम लावण्याचे प्रसंग घरी थोडेच येतात. यूएसबी २.० चा इंटरफेस मागासलेला समजू नये. आठ चॅनेलना सेकंदाला सव्वानऊ मेगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिटची आहे. थंडरबोल्टचा (यूएसबीहून वेगळ्या, वेगवान जोडणीचा) इंटरफेस निवडला, तर बोर्डावर खरोखर थंडरबोल्ट आहे याची खात्री करावी. एएमडीच्या बोर्डांवर ते क्वचित असते आणि यूएसबी४ चा पोर्ट प्रत्येक वेळी त्याची जागा घेऊ शकेलच असे नाही. इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटरिंग असले पाहिजे, म्हणजे गायकाचा आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनला पोहोचतो आणि गाताना बफर कितीही असला तरी चालतो.

यानंतरचा पैसा शांततेसाठी. सात पंखे आणि समोर काच ही मांडणी माइकजवळ अगदी प्रतिकूल आहे. १४० मिलिमीटरचा पंखा जितकी हवा सावकाश फिरून हलवतो तितकी हवा हलवायला लहान पंख्याला बराच जोरात फिरावे लागते, आणि फिरण्याचा वेग वाढला की आवाज झपाट्याने वाढतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला समोर दोन आणि मागे एक असे मोठे, संथ पंखे पुरतात. प्रोसेसरवर दुहेरी मनोऱ्याचा मोठा एअर कूलर बसवावा. नॉक्टुआ आणि बी क्वायट यांचे कूलर या कामासाठी नावाजलेले आहेत. कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का, आणि तो रॅमच्या पट्ट्यांवर येत नाही ना, हे मिलिमीटरमध्ये तपासावे. पाण्याच्या कूलरमध्ये पंप सतत चालू असतो. खेळताना तो ऐकू येत नाही, पण शांत खोलीत गायनाच्या दोन ओळींमधल्या जागेत त्याची बारीक घूं-घूं स्पष्ट येते. म्हणून मुद्रणाच्या संगणकात मी तो लावत नाही. कॅबिनेट भरीव दारांचे, आतून ध्वनिशोषक अस्तर असलेले घ्यावे. एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) ५५० ते ६५० वॉटचा, ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा आणि कमी भारावर पंखा थांबवणारा असावा; याहून मोठ्याची गरज नाही.

सतत एकसारख्या येणाऱ्या मंद आवाजापेक्षा वरखाली होणारा आवाज मुद्रणाला जास्त घातक असतो. एकसारखा आवाज थोडाफार काढता येतो, गाण्याबरोबर चढणारा-उतरणारा काढणे कठीण. बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये पंखे तापमानामागे लगेच धावतात : एखादे जड वाद्य उघडले, प्रोसेसर क्षणभर ७० अंशांवर गेला, की पंखा गर्जतो आणि चार सेकंदांनी पुन्हा बसतो. बायोसमध्ये पंख्याचा वेग वाढण्यास विलंब लावण्याची सोय असते. तो कित्येक सेकंदांचा ठेवावा आणि सुमारे ६५ अंशांपर्यंत वेग सपाट राखावा. मग माइक गाण्याच्या जागी ठेवून, नेहमीचा गेन लावून, कोणी न गाता एक मिनिट मुद्रण करावे आणि ते हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐकावे. काय ऐकू येते त्यावरून पुढचे ठरवावे. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून संगणक त्याच्या पाठीमागे, टेबलाखाली, पण भिंतीपासून हवेला वाट ठेवून असावा. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत चालते. तेवढ्या अंतराचाही पुष्कळ उपयोग होतो. संगणक बंद कपाटात मात्र कोंडू नये.

आणखी एक आवाज विजेचा असतो. माउस हलवला की स्पीकरमधून बारीक खरखर येते, ती बहुधा यूएसबी आणि अर्थिंग यांतून तयार झालेल्या वळशामुळे. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच पट्टीवरून जोडावेत आणि स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल (बाहेरची खरखर रोखणाऱ्या) वापराव्यात. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये. त्यात जिवाला धोका आहे.

सॉफ्टवेअरविषयी थोडेच. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे नवा संगणक विंडोज ११ वरच असावा. लॉजिक प्रो हे अॅपलचे मुद्रण-सॉफ्टवेअर वापरायची इच्छा असेल तर ते केवळ मॅकवर चालते, आणि मग भाग निवडण्याऐवजी मॅक मिनीसारखे तयार यंत्र घेणे हाच मार्ग राहतो; तिथे रॅम पुढे वाढवता येत नाही, म्हणून ती सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी.

संगणक जुळवून झाल्यावर एक चाचणी आवर्जून करावी, आणि ती भाग परत करण्याची मुदत संपण्याच्या आत. लेटन्सीमॉन नावाचा कार्यक्रम कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडकवून ठेवतो ते मोजतो. आधी बायोस व चिपसेटचे ड्रायव्हर अद्ययावत करावेत, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर न्यावा, यूएसबीची वीज आपोआप बंद होण्याची सोय बंद करावी, आणि मग लेटन्सीमॉन पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. एखादा ड्रायव्हर अधूनमधून दोन-तीन मिलिसेकंद प्रोसेसर धरून बसत असेल, तर १२८ नमुन्यांची खेप त्या वेळी हुकणारच. त्याला प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी इलाज नाही. यादीत एनडीआयएस.सिस (ndis.sys) वर आले तर संशय नेटवर्कवर, बहुतेक वेळा वाय-फायवर घ्यावा : डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय बंद करून मापन पुन्हा घ्यावे, फरक लगेच दिसतो. एसीपीआय.सिस (acpi.sys, वीज-व्यवस्थापनाचा ड्रायव्हर) वर असेल तर बायोसमधील वीज वाचवण्याच्या सोयी एकेक करून बंद कराव्यात, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे. एकदम चार बदल केले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

ही मापने ठीक आली, की आपल्या कामातला सर्वांत जड प्रोजेक्ट उघडून बफर ५१२ वरून २५६, मग १२८, मग ६४ असा उतरवत जावा आणि ध्वनी कुठे तुटू लागतो ते लिहून ठेवावे. १२८ वर तो निर्वेध वाजला, तर यंत्र आपल्या कामाला पुरे आहे. नाही वाजला, तर पैसे खर्च करण्याआधी मास्टरवरचे प्लगइन बंद करून पाहावे, मग लिनिअर फेज इक्वलायझरसारखे पुढचे ऐकून काम करणारे प्लगइन मिक्सिंगपर्यंत बाजूला ठेवावेत, आणि वाजवून झालेले ट्रॅक फ्रीझ करावेत, म्हणजे त्यांचा तयार ध्वनी साठवून त्यांचे गणित थांबवावे. एवढे करूनही एकाच कोअरवर ताण येत राहिला, तरच अधिक वेगवान प्रोसेसरचा विचार करावा; तो त्याच बोर्डाला चालणारा असेल, तर बोर्ड, रॅम, कूलर आणि कॅबिनेट तेव्हाही तेच राहतील.